कोरड्या सळया

उंबरतळच्या सड्याला भेग पडली, ती पहिल्यांदा कुणाला दिसली यावर गावात अजून एकमत नाही. पण तिच्यात पहिला पाय गेला तो झुंबरबाईचा, एवढं नक्की. दोन हजार चारची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. गवताचा भारा डोक्यावर घेऊन ती सड्यावरनं उतरत होती आणि उजवा पाय एकदम गुडघ्यापर्यंत खाली गेला. भारा टाकून तिनं पाय उपसून काढला. गवत बाजूला सारून बघितलं तर जमीन शिवण उसवावी तशी उसवलेली. तिनं आत हात घातला. कोपरापर्यंत गेला तरी तळ लागेना. बोटांना खालून गार लागत होतं.

सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा, सगळा जांभ्या दगडाचा. त्याखाली उतार. उतारावर भाताच्या पायऱ्या पायऱ्यांनी उतरत जाणाऱ्या पट्ट्या. त्यातली सगळ्यात खालची, लांब पट्टी झुंबरबाईची आणि तिच्या नवऱ्याची, ज्ञानूची. पट्टीच्या बांधाखाली बौद्धवस्ती, आणि वस्तीतलं सगळ्यात वरचं घर शालनचं. शालनच्या घरामागच्या परड्यात उभं राहिलं की झुंबरबाईच्या भाताची मुळं डोळ्यासमोर यायची, इतकं जवळ. झुंबरबाईचं स्वतःचं घर मात्र ओढ्याच्या पलीकडं, गावात.

या दोघींचा पैरा होता. आज हिच्या रानात दोघींनी राबायचं, उद्या तिच्या. लग्न होऊन आल्यापासून भांगलण, कापणी, मळणी सगळं असंच चाललेलं. बांधावर बसून दोघी एकमेकींच्या भाकरीवरचं कोरड्यास खायच्या. शालनच्या घरात जाऊन चहा प्यायची वेळ आली की मात्र झुंबरबाईला काहीतरी काम आठवायचं. शालननं त्याबद्दल कधी तोंडातून शब्द काढला नव्हता. झुंबरबाईनंही नाही.

भेग दिसल्यावर वस्तीतल्या लोकांनी ग्रामपंचायतीत जाऊन सांगितलं. सरपंच हंबीरराव वर जाऊन बघून आले, काठी घालून बघितली. तालुक्याला कळवलं. तिथनं कुणी आलं नाही. थंडी गेली, शिमगा गेला, आणि मे महिन्यात कोल्हापुरातनं एक बाई आली.

तिचं नाव संयोगिता. मंगळवार पेठेत राहायची, कॉलेजात भूशास्त्र शिकवायची. असे डोंगर कसे झाले, कसे झिजतात, कुठनं सुटतात याचा तिचा अभ्यास चालला होता. जीपमधनं एक पिवळी पेटी, गाडीची बॅटरी, तारेची मोठमोठी रिळं आणि लोखंडी सळयांचं एक ओझंच ओझं उतरलं. हंबीररावांनी शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून दिली.

"मॅडम, तुमचं मशीन काय म्हणंल त्यावर आपण ठरवू," हंबीरराव म्हणाले. "धोका हाय म्हणालं, तर पावसाच्या आत वस्ती माळावर. गायरान हाय. एकेकाला जागा काढून देतो. न्हाय म्हणालं, तर उगं लोकांस्नी कशाला उठवायचं?"

वस्तीतले लोक व्हरांड्याच्या खाली उभे होते. शालनचा नवरा बाळासो पुढंच होता. उंच, वाकलेला, सारखा हसणारा माणूस. त्याचा मुलगा नागसेन इचलकरंजीत मागावर होता आणि भेगेचं कळल्यापासून दर रविवारी येऊन आईबापाच्या मागं लागला होता, चला म्हणून.

"चला म्हणतोय," बाळासो मॅडमना सांगू लागला. "एक खोली हाय त्येची. मी म्हस कुठं बांधू तिथं? मागाच्या दांड्याला?"

लोक हसले. शालन हसली नाही. ती मॅडमच्या पेटीकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला माणसं लागली. ज्ञानू वरच्या टोकाला तारेची रिळं सांभाळायला, बाळासो सळया ठोकायला, शालन सळई धरायला आणि तारेचा चिमटा लावायला, आणि झुंबरबाई पाणी घालायला. सड्याच्या कडेपासून उतारावरनं थेट वस्तीच्या खालपर्यंत एक सरळ रेघ धरायची. त्या रेघेवर ठरल्या अंतरानं सळई ठोकायची. प्रत्येक सळईच्या बुडाशी पाणी. मग सगळ्या सळया एका तारेला जोडायच्या आणि पेटीतनं वीज सोडायची.

"शॉक बसतोय व्हय ओ?" बाळासोनं विचारलं.

"बसतो. मी सांगितल्यावर कुणी हात लावायचा नाही."

"डोंगराचा फोटू काढत्यात म्हणं," ज्ञानू वरनं ओरडला.

"मग हसाय सांगा की त्येला," बाळासो म्हणाला, आणि घण उचलला.

उन्हानं सडा तापलेला होता. अनवाणी पायाला चटका बसायचा. सळई जांभ्यात जाता जात नव्हती. घण पडला की ठिणगी उडायची आणि शालनच्या मनगटाला झिणझिण्या यायच्या. झुंबरबाई ओढ्यावरनं बारड्या भरून आणत होती. एका निळ्या पिंपात पाणी ओतलं की मॅडम त्यात ओंजळी ओंजळीनं खडेमीठ टाकायच्या आणि काठीनं ढवळायच्या.

"मीठ कशापायी?" झुंबरबाईनं विचारलं.

"जमीन कोरडी आहे ना, मावशी. कोरड्यात वीज शिरत नाही. मिठाचं पाणी असलं की सळईतनं सरळ आत जाते."

"आणि आत जाऊन काय करती?"

मॅडमना असं कुणी विचारलेलं आवडत असावं. त्या काठी टेकून उभ्या राहिल्या. "कातळ असला तर ती अडते. ओली माती असली तर सहज पुढं जाते. कुठं अडली, कुठं गेली, ते पेटी लिहून घेते. सड्याच्या दगडाखाली पांढरी माती असते बघा, साबणासारखी. पावसाचं पाणी भेगेतनं तिच्यापर्यंत गेलं की ती निसरते. मग वरचं सगळं घेऊन खाली येते. ती तुमच्या वस्तीच्या वर आहे का, तेवढंच बघायचं."

"आणि आसली तर?" शालननं विचारलं.

"असली तर घर सोडावं लागेल, मावशी."

शालननं पुढची सळई उचलली.

दुपारची भाकरी करंजाच्या सावलीत झाली. मॅडमनी आपला डबा सगळ्यांच्या मधे ठेवला आणि सगळ्यांना जवळ बसायला सांगितलं. झुंबरबाई बसली, पण जरा सरकून, खोडाच्या पलीकडं. ज्ञानू तर बिडी ओढायला म्हणून लांबच गेला. मॅडमच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे. बाळासोच्या आलं असावं. तो म्हणाला, "मॅडम, तुमची पोळी लई मऊ हाय. आमाला दाताला काय कामच न्हाय."

दुपारनंतर रेघ झुंबरबाईच्या पट्टीत आली.

पट्टीत धूळवाफ पेरणी झालेली होती. पाऊस यायच्या आधी कोरड्या धुळीत भात पेरायचं, वर दिंड फिरवून माती दाबायची आणि गप्प राहायचं. बी मातीत निजून असतं. पाऊस आला की एकदम उठतं. पण त्याआधी थोडं पाणी लागलं तर ते अर्धवट उगवतं, आणि मग उन्हानं जळून जातं. म्हणून पेरल्यावर रानात कुणी जायचं नाही. झुंबरबाईची सासू तर पेरल्या रानाच्या बांधावरनंही भरली घागर घेऊन जाऊ द्यायची नाही. म्हणायची, पावसाला दाखवून दिलंस की तुझ्यावाचून आमचं चालतंय म्हणून. आता तो येतोय कशाला? सासू जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण घागर घेऊन बांधाशी आलं की झुंबरबाईचा पाय अजूनही आपोआप थांबायचा.

"मॅडम, बांधावरनं न्या की रेघ," ती म्हणाली. "रान पेरल्यालं हाय."

"रेघ सरळ पाहिजे, मावशी. वाकवली तर चित्र खोटं येईल."

"आवो, पेरल्या रानात मीठ कोण घालतंय? वैरी घालतोय."

"थोडंसं तर पाणी. सळईच्या बुडाशी फक्त. वीतभर जागा." मॅडमनी तळहातानं कपाळावरचा घाम पुसला. पश्चिमेला ढग चढत होते आणि त्या सारख्या तिकडं बघत होत्या. "मशीन उद्या पुण्याला परत द्यायचंय. आजच संपवायला हवं."

झुंबरबाईनं वर ज्ञानूकडं बघितलं. त्यानं हात उडवला. असल्या गोष्टीत तो नेहमीच हात उडवायचा.

बाळासो पायताण बांधावर काढून रानात उतरला. जपून पाय टाकत, दोन ओळींच्या मधनं. सळया ठोकत तो पलीकडच्या बांधाला गेलासुद्धा. मागं शालन एकेका सळईला चिमटा लावत येत होती. तिच्या मागं झुंबरबाई, हातात मिठाच्या पाण्याची कळशी.

पहिल्या सळईपाशी ती वाकली. बुडाशी माती भुगा होती, बोट लावलं की फुटणारी. तिच्यात दोन दाणे उघडे पडलेले दिसत होते. तिनं ते बोटानं आत सारले. मग कळशीत नुसते हात बुडवले, ओल्या तळव्यानं सळईभोवतालची माती थोपटली. वरनं माती काळी दिसायला लागली. कळशी तिनं बांधापलीकडं, दगडावर रिकामी केली.

शालन खाली बसून चिमटा लावत होती. तिनं एकदा झुंबरबाईकडं वर बघितलं. मग ती उठली आणि पुढच्या सळईकडं गेली.

पट्टीतल्या सगळ्या सळयांना तिनं असंच केलं. हात बुडवायचा, थोपटायचं, कळशी बांधावर ओतायची, पिंपातनं परत भरून आणायची. कुणाचं नुकसान करतोय असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. आपलं रान राखतोय, एवढंच.

पेटी टोचल्यासारखी पिकपिक वाजू लागली.

"मधल्या सळयांना पाणी कमी आहे!" मॅडम खालनं ओरडल्या. "अजून घाला!"

"घातलं की ओ!"

"अजून घाला, मावशी!"

झुंबरबाई कळशी घेऊन परत गेली. माती थोपटली, कळशी बांधावर. पेटी वाजायची थांबेना. तेवढ्यात सड्यावर पहिला गडगडाट झाला. मॅडम उभ्या राहिल्या. उघड्यावर लांबलचक तार पसरलेली, वर ढग. त्यांचा चेहरा उतरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आहे तसं घेते. वाईट आकडे मागनं काढून टाकता येतात. तुम्ही सगळे लांब व्हा."

पेटीनं आपलं काम उरकलं. तारा गुंडाळून, सळया उपसून जीपमधे टाकेपर्यंत वळीव कोसळला. अर्ध्या तासात रानं वाहू लागली. झुंबरबाई करंजाखाली पदर डोक्यावर घेऊन उभी होती. समोर तिची पट्टी भिजत होती, एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत. कळशीभर पाण्यापासून तिनं जे जपलं होतं ते सगळं चिंब झालं.

नशीब असं की त्या वर्षी पाऊस लवकर आला आणि मागं हटला नाही. बी जळलं नाही. पट्टी अशी उगवली की येणाराजाणारा थांबून बघायचा.

मॅडम मृगात परत आल्या, शाळेत. एक रंगीत कागद त्यांनी फळ्यावर लावला. डोंगर मधनं कापल्यासारखा दिसत होता. कुठं लाल, कुठं पिवळा, कुठं निळा.

"निळं म्हणजे ओली माती. लाल म्हणजे कातळ. सड्याच्या कडेला, भेगेपाशी निळं आहे. तिथं गुरं नेऊ नका. खाली वस्तीच्या वर मात्र लाल आहे." त्यांचं बोट जरा घुटमळलं. "या मधल्या जागेत आकडे नीट मिळाले नाहीत, ते काढावे लागले. पण दोन्ही बाजूंना कातळ आहे, म्हणून मधेही कातळ असावा, असं यंत्रानं भरून घेतलं आहे."

"म्हंजे ऱ्हावं का जावं?" शालननं विचारलं.

"कातळ दिसतोय, मावशी. तरीसुद्धा पाऊस फार झाला तर शाळेत येऊन राहा."

मधलं सगळं लोकांच्या कानावरनं गेलं. कातळ हा एक शब्द तेवढा घरोघर पोचला. बाळासो बाहेर येऊन पाय आपटून म्हणाला, "बघा, कातळ! मी म्हणतच हुतो. आमच्या बानं काय खुळं म्हणून हितं घर बांधलं व्हय?" रविवारी नागसेन आला तेव्हा त्यालाही त्यानं तेच ऐकवलं. नागसेन आईकडं वळला.

"तू तरी चल."

"मशीन कातळ म्हणतंय," शालन म्हणाली. "मी कशाला येऊ?"

झुंबरबाई त्या वेळी बांधावर होती. मॅडमचं मधल्या जागेबद्दलचं बोलणं तिनं ऐकलं होतं. त्या रात्रीपासून तिला वाटत होतं, सांगावं. पण सांगायचं कुणाला आणि काय? मी नुसती माती थोपटली म्हणून? एवढ्या मोठ्या मशीनला एका बाईच्या ओंजळीनं काय फरक पडणार? आणि भात तर गुडघ्याएवढं झालं होतं. सांगितलं असतं तर परत रेघ, परत सळया, परत मीठ. उद्या सांगू म्हणता म्हणता आषाढ आला.

त्या जुलैतला पाऊस ज्यांनी बघितला त्यांना सांगायला नको. पंचगंगेला पूर आला, रस्ते बुडाले, कोल्हापूरची एसटी यायची बंद झाली. उंबरतळला वीज नव्हती. लोक घोंगडी पांघरून चुलीपुढं बसून होते. हंबीररावांनी वस्तीत निरोप धाडला, शाळेत या. तीन-चार घरं आली. बाळासो म्हणाला, "म्हशीचं दूध काढून येतो."

सकाळची वेळ होती. पट्टीत पाणी तुंबलंय म्हणून झुंबरबाई खोरं घेऊन, इरलं पांघरून बांध फोडायला गेली होती. शालन तिला हाताशी आली. पैरा होता, पाऊस असला म्हणून काय झालं. पट्टीच्या बाजूच्या बांधाला दोघी पाण्याला वाट करत होत्या. पाणी बांधाच्या तोंडातनं न जाता मधेच रानात कुठंतरी मुरत होतं. झुंबरबाईनं ते बघितलं आणि खोरं तसंच हातात राहिलं.

आवाज फार मोठा नव्हता. जड गोणी ओढावी तसा. पट्टी हलली. उभ्या भातासकट, हिरवीगार, चटई ओढल्यासारखी सगळीच्या सगळी खाली सरकली. भाताचं एक रोपसुद्धा पडलं नाही. दोघी बांधाच्या उरलेल्या तुकड्यावर उभ्या होत्या आणि समोर रान जात होतं. मग त्याच्यामागनं चिखल आला, झाडं आली, दगड आले.

शालन घराकडं वळली. खाली तिचं परडं नव्हतं. गोठा नव्हता. घराची अर्धी भिंत होती.

बाळासोला काढायला संध्याकाळ झाली. ज्ञानू आणि वस्तीतली माणसं पहारींनी, हातांनी उपसत होती. म्हैस त्याच्याजवळच होती. दावं त्याच्या हातात होतं, सोडवत असावा. वाळकं लाकूड गावात कुणाकडं मिळेना. ज्ञानूनं स्वतःच्या माडीवरचे वासे काढून दिले. तिरडीला खांदाही दिला. गावातल्या चारदोघांनी बघितलं आणि काही बोलले नाहीत. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी पावसात उभं राहून वंदना म्हटली. नागसेन इचलकरंजीत अडकला होता. पाणी उतरल्यावर चालत चालत पोचला, तोवर राखही वाहून गेली होती.

पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या सुमाराला, मॅडम आल्या. एकट्याच. उघड्या पडलेल्या डोंगराच्या त्या तांबड्या जखमेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. जिथं पट्टी होती तिथं कंबरभर खाली पांढरी, गुळगुळीत माती दिसत होती. त्यांनी ती बोटांत घेऊन चोळली. नंतर वस्तीतल्या लोकांपुढं येऊन म्हणाल्या, "माझी चूक झाली. इथल्या सळयांना पाणी नीट पोचलं नव्हतं. मी परत यायला हवं होतं, मशीन मागून आणायला हवं होतं. मी अंदाजावर सोडलं."

"चूक?" नागसेन पुढं आला. "मी आईबापाला न्यायला आलतो की, मॅडम. दर रविवारी आलतो. तुमच्या लाल रंगानं थांबली ती. तुमचं काय, तुमी जीपमदनं आला आन जीपमदनं जाशीला. माझा बा गेला!"

मॅडमनी मान खाली घातली. नागसेन बोलत राहिला, त्या ऐकत राहिल्या. झुंबरबाई गर्दीच्या मागं उभी होती. पाणी कमी पोचलं. पोचलं कसं नाही, ते तिला एकटीला माहीत होतं. एक पाऊल पुढं टाकायचं होतं. तिनं टाकलं नाही. मॅडम जीपकडं गेल्या तेव्हा तिच्या जवळनं गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "तुमचं रानही गेलं, मावशी." झुंबरबाईनं तोंडावर पदर घेतला.

शालन शाळेच्या एका खोलीत राहत होती. नागसेन तिला दुसऱ्या दिवशी घेऊन जाणार होता. झुंबरबाई सकाळीच तिथं गेली. खोलीत एक स्टोव्ह, एक गाठोडं. शालननं तिच्यापुढं चहाचा कप ठेवला. झुंबरबाईनं तो उचलला आणि प्याला. कडू लागला, साखर नव्हती.

"शालन, मला एक सांगायचं हाय."

शालन गाठोड्याची गाठ बांधत होती.

"त्या दिशी मी पाणी घातलंच न्हाय. आपल्या पट्टीत. नुस्ता हात लावला वरनं. सगळं बांधावर वतलं." तिनं कप खाली ठेवला. "मॅडमची चूक न्हाय ती. माझी हाय. तुझ्या मालकाला मी मारलं बघ."

शालनचे हात थांबले. बाहेर व्हरांड्यात नागसेन ट्रंकेला दोरी आवळत होता, त्याचा करकर आवाज येत होता.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

"काय?"

"सळईच्या बुडाशी माझा हात हुता, आक्का. चिमटा मीच लावत हुतो की. वरनं वली, खाली भुगा. बोटाला कळत न्हाय व्हय?"

"मग बोलली का न्हाईस तू?"

"कशाला बोलू?" शालनचा आवाज अगदी बारीक झाला. "त्या म्हणाल्या हुत्या, वली माती घावली तर घर सोडाय लागंल. मला सोडायचं नव्हतं. मी म्हटलं, न्हाय घावली तर बरंच. न्हाईच घावू दे." तिनं गाठ परत सोडली, परत बांधली. "घरात येऊन ह्यास्नीबी सांगितलं न्हाय. कातळ, कातळ म्हणून नाचत हुते, तवाबी न्हाय. त्यास्नी वाटलं, खरंच हाय."

झुंबरबाईनं तिच्या हातावर हात ठेवला. शालननं तो काढला नाही, धरलाही नाही.

"तू मला सांगून बसलीस," शालन म्हणाली. "मी कुणाला सांगू? नागसेनाला?"

व्हरांड्यातली करकर थांबली. नागसेन दारात आला. दोघींचे चेहरे बघून तो उंबऱ्यावरच उभा राहिला.

"काय झालं?"

"काय न्हाय," शालन म्हणाली. "मॅडमचं बोलत हुतो."

"तिचं नावबी काढू नगा माझ्याम्होरं. त्या बाईनं घात केला आमचा." त्याचे डोळे लाल होते. इतक्या दिवसांत त्याला कुणीतरी हो म्हणायला हवं होतं. तो झुंबरबाईकडं वळला. "व्हय का न्हाय, मावशी? तुमीच सांगा."

शालन भिंतीकडं बघत होती.

"व्हय," झुंबरबाई म्हणाली.